सकेगा

आमच्या शहराच्या पोटात फौज आहे.
वस्तीचं नाव लष्कर, तिच्या पुढे कंपू.
तोफा गेल्या, घोडे गेले, नावं तेवढी
दूधवाल्याच्या उधारीच्या वहीत राहिली.

वडील मुरारला, सैनिकी न्यायालयात स्टेनो.
एकतीस वर्षं सायकल, पोळीचा डबा,
आणि कुणाची तरी अख्खी नोकरी
तीन प्रतींत, दोन कार्बन घालून.

निकाल एका शब्दाचा असे.
दोषी.
कलमात होतं, न्यायालय कारणं नोंदवू शकेल.
हिंदी प्रतीत: सकेगा.
"शकेल म्हणजे," वडील आम्हाला सांगत,
"नाही नोंदवली तरी चालेल."
व्याकरण मी असं शिकले.

भिंडचा लान्स नाईक भूरेसिंह भदौरिया
त्या एका शब्दात नोकरीतून गेला,
पेन्शनीतून गेला, गावातल्या पंगतीतून गेला.
त्याची बायको रामश्री दर दिवाळीनंतर यायची.
ओट्याखाली चपला काढायची. बसायची.
"बाबूजी, टाइप तो आपने ही किया था.
क्यों, ये कहाँ लिखा है?"
वडिलांनी शपथ घेतलेली.
ते पाणी द्यायचे. वर गूळ द्यायचे.
क होता, य होता, अनुस्वार होता,
सगळ्या कळा मशीनवर होत्या.

निवृत्त झाले आणि एकच वाक्य लिहीत सुटले:
सकेगाच्या जागी करेगा ठेवावे.
खासदाराला. मंत्रालयाला. याचिका समितीला.
महाराजबाड्यावरच्या पोस्टात खिडकीमागचा ओमी नामदेव
पावती फाडता फाडता म्हणायचा,
"दादा, फिर वोई एक शब्द?"

मग विधेयक आलं. समितीकडे गेलं.
समितीने साक्षी घेतल्या, मुदतवाढ घेतली,
पुन्हा मुदतवाढ घेतली.
लोकसभा विसर्जित झाली. विधेयक व्यपगत.
"मेलं म्हण की सरळ," आई म्हणाली.
पण वडील म्हणाले, नाही, यात फरक आहे,
आणि नव्या सभेत नव्या क्रमांकाने ते उठलं
तेव्हा आईकडे बघून नुसती मान हलवली.

काल बुधवारी, साडेचारच्या सुमारास.
कानात मशीन, मांडीवर पेन्सिलीने भरलेला मसुदा,
टीव्हीच्या इतके जवळ की काचेवर वाफ.
अर्धी बाकं रिकामी.
एकजण बर्फातल्या जवानांवर बोलला, छान बोलला,
विधेयकावर नाही.
खंड सात. दुरुस्ती तीन.
जे बाजूने आहेत त्यांनी हो म्हणावं.
हो, असा एक आवाज आला,
जेवण जड झालेल्या माणसांचा.
अकरा मिनिटं. मी मोजली.
पुढचं विधेयक मासेमारीचं होतं.

वडील हसले नाहीत.
"खंड एक वाच."
केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासून.
"आणि शेवटचा?"
यापूर्वीच्या निकालांना लागू नाही.
"हं," म्हणाले. "मसुदा स्वच्छ आहे."

रात्री भिंडहून फोन. रामश्रीची नात,
आजीला ऐकू येत नाही म्हणून ती बोलते.
"दादाजी से पूछिए, हो गया क्या?"
वडील उठले.
मशीनवरचा रेक्झिनचा गिलाफ काढला,
कागद चढवला, मधोमध टंकलं:
कारणे
खाली रेघ. मग दोन ओळी सोडून
बोटं कळांवर ठेवून बसले,
एकतीस वर्षं साहेबांनी बोलायची वाट बघत बसायचे तसे.

"हो गया," मी फोनवर म्हटलं.
मग म्हटलं, "होगा."
पलीकडे कुत्रं भुंकत होतं
आणि ती आजीच्या कानाशी ओरडून
यातला कुठला शब्द सांगत होती,
मला ऐकू आलं नाही.