झाकण मिटल्यावर

दिवा कोळीवाड्याच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी,
चिंतामण वैती,
लॅपटॉप घेऊन आले ते पिशवी अंगापासून लांब धरून.
"रातभर झाकन मिटलेलाच व्हता गो.
सकाली मिटिंगला उघरला, त मेलेला.
न पिशवी बघ, कशी तापलीय."

त्यात लिनक्स मीच घालून दिलं होतं,
फुकट आहे, व्हायरस नाही, असं छातीठोक सांगून.
दिवाळीपर्यंत नीट झोपायचा.
मग मीच एकदा अपडेट मारला.

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
साडेअकराला झाकण मिटते. बॅटरी शहाण्णव.
वीस मिनिटांनी उघडते. एक्याण्णव.
प्रोसेसर निजला, पडदा निजला, वायफायने मान टाकली,
डिस्क तेवढी जागी.
नव्या कर्नेलने तिला शिकवलंय:
पूर्ण बंद होऊ नकोस, नुसती डुलकी घे,
हाक मारली की लगेच उठता येईल.
बाकीच्यांना जमलं असेल.
हिला डुलकी येतच नाही.
एक तर दिवा मालवून आडवं करा,
नाहीतर ही पहाटेपर्यंत छताकडे बघत राहणार.

जुनं चांगलं, नवं वाईट,
मधे चौदा हजार बदल.
मधोमध चीर द्यायची.
बांधा, चढवा, निजवा, थांबा, उठवा.
चांगलं निघालं. उरले सात हजार.
पुन्हा मधोमध.
कंपाइल होईस्तोवर मी खिडकीत.
रबाळ्याच्या बाजूने आंबूस वास,
समोर डेटा सेंटरच्या छतावर पंख्यांची रांग.
तिथल्या डिस्कांना झोपायची मुभाच नाही,
त्यांचं हे दुखणंही नाही.

दोन पन्नासला बाबा पाणी प्यायला उठतात.
रोज दोन पन्नासला.
बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कंपनीत बॉयलरवर होते,
तीनच्या ठोक्याला वहीत प्रेशर लिहायचं असायचं.
कंपनी गेली, वही गेली.
"काय शोधतेस एवढं?"
"आधी नीट झोपायची ही. कधीपासून बिघडली, ते."
"माझी तारीख मला माहीत आहे,"
पेला उपडा घालत ते म्हणाले,
"त्यात शोधायचं काय?"
आणि अंधारातच आत गेले.

तिसऱ्या रात्री चौदाव्या चिरेत सापडला.
अकरा ओळी. नेटक्या, वर कारण लिहिलेलं.
लिहिणारा चुकला नव्हता.
त्याच्या टेबलावरची डिस्क खरोखर झोपत होती,
अर्धा वॅट वाचत होता, आकडे दिले होते त्याने.
मला शिवी द्यायची होती, ती तशीच राहिली.

बदल मागे घ्यावा, तर हजारो बॅटऱ्या जळणार.
म्हणून त्याच फाइलीत, खाली,
जिथे हट्टी डिस्कांची यादी आहे,
कुणी उठायला वेळ लावते,
कुणाला दोनदा सांगावं लागतं,
कुणी खोल झोपली की परत येतच नाही,
तिथे मी एक ओळ घातली:
या कंपनीची, या क्रमांकाची दिसली,
तर हिला डुलकी सांगू नका. सरळ बंद करा.

मिटला तेव्हा शहाण्णव.
सकाळी साडेसातला पंचाण्णव.
उठायला मात्र दोन सेकंद जास्त.
ते मी वैतींना आधीच सांगून टाकलं.
"दोन शेकंद काय गो," ते म्हणाले,
"आमी भरतीला सा तास थांबताव,"
आणि लॅपटॉप बर्फाच्या पावत्यांखाली सारून
पिशवी काखेत मारली.

त्या रात्री मी लवकर आडवी झाले.
अंग मोडून आलं होतं, तरी डोळा लागेना.
स्वयंपाकघरात पेला उपडा घातल्याचा आवाज झाला.
घड्याळ बघितलं नाही.