आजची तारीख

माऊस त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला होता,
स्टेपलरच्या पिना आणि खोकल्याच्या गोळ्यांशेजारी,
अजून कंपनीच्या पिशवीतच.
"लागला तर माग," म्हणाल्या व्येस्वावा.
मी चार महिने मागितला नाही, भीतीपोटी.

गदिन्याचं बंदर, तिसरा मजला.
खिडकीतून क्रेनचे पाय तेवढे दिसत.
आमचं काम एका ओळीचं :
जहाज, झेंडा, माल, धक्का, तारीख, शेरा.
पुन्हा पुढची ओळ.
व्येस्वावांची बोटं कळफलकावर अशी फिरत
की हात स्वेटर विणतायत
आणि कान दाराच्या कडीकडे लागलेत.
उजवा आल्ट धरून एल दाबला
की आमच्या भाषेतला तो पोटात काडी गेलेला एल उमटतो.
"मला तर स्वतःचं नाव लिहायलाही
दोन बोटं लागतात," म्हणायच्या,
जणू ही काही तक्रार आहे.

माऊसपर्यंत हात जाऊन यायला दोन सेकंद.
दिवसाला चारशे खेपा.
तेरा मिनिटं वीस सेकंद,
हे त्यांनी पाकिटामागे पेन्सिलीनं मांडून दाखवलं.
"मग ती ठेवता कुठे?" मी विचारलं.
"पर्समध्ये."

फेब्रुवारीत मला शहाणपण सुचलं.
तारीख हातानं कशाला घालायची?
सूत्र लावलं, आजची तारीख आपोआप दाखवणारं,
आणि कंट्रोल-डी दाबून
अख्ख्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ओतलं.
किती सुरेख दिसलं ते. फाईल बंद केली. घरी गेलो.

सकाळी दोनशे अकरा जहाजं
आजच आली होती.
केळीवालं, मिठाचं, लिथुआनियाचं लाकूड घेऊन आलेलं,
भंगारात निघालेलं ते गंजकं सुद्धा
परत येऊन बंदराच्या तोंडाशी उभं.
कुणाचंच भाडं एका दिवसापेक्षा जास्त नाही.
कंट्रोल-झेड दाबत राहिलो,
पण झोपून उठलेली फाईल
कालचं काही ओळखत नव्हती.

व्येस्वावा रागावल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.
खुर्ची ओढली, म्हणाल्या, "लिही.
केळीवालं, ज्या दिवशी लिफ्ट बंद पडली, चार तारीख.
मिठाचं, माझी दाढ काढली तेव्हा, नऊ.
हे लाकूडवालं... थांब,
त्या दिवशी बहिणीचा फोन आला नव्हता. तेरा."
संध्याकाळपर्यंत असंच.
नंतर पायलटांच्या वह्यांशी ताडून पाहिलं,
तीन चुकल्या होत्या.
त्यातल्या दोन वह्यांच्याच, असं त्यांचं म्हणणं.

"सूत्र रोज सकाळी उठून नवं बोलतं," त्या म्हणाल्या.
"कंट्रोल धर आणि अर्धविराम दाब.
हं. बसली तारीख.
आता उद्या उजाडलं तरी ही हलायची नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकाच ट्रॉलीबसमध्ये.
दोन थांबे अलीकडेच त्या उतरल्या.
मीही उतरलो, कारण नसताना.
बर्फाचा चिखल चुकवत इतक्या हळू चालत होत्या
की मला माझे पाय कुठे ठेवावे कळेना.
हातमोज्यांच्या दुकानापाशी थांबल्या,
काही घ्यायचं नव्हतं.
"रोज?"
"रोज. तेरा मिनिटं."
वीस सेकंदांचं मी विचारलं नाही.

जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या.
केकचा चुरा अजून एंटरखाली अडकलेला आहे,
दाबलं की करकरतो.
ड्रॉवर माझा, माऊस पिशवीत.
कधीकधी जेवणाच्या सुट्टीत मी
कंट्रोल-एफ दाबून त्यांची शेवटची ओळ शोधतो.
अकरा जून, जागची हललेली नाही.
जहाज एस्टोनियाचं, माल खत, धक्का सहा.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथे आम्ही कुणीच काही लिहीत नाही :
धुकं. चार तास उशीर.
कुणालाच घाई नव्हती;