चाळीस किलो

मंदसौरचा लसूण वाहून वाहून थकलेली ही पिकअप
मी देवास नाक्यावर विकत घेतली.
वास साबणाने गेला नाही, फिनेलने गेला नाही.
मुस्तकीमने मागचा हौदा पुरता सोलून काढला
तरी ऊन चढलं की ती
फोडणी दिल्यासारखी दरवळते.
राहू दे, म्हटलं. माझ्याही बोटांना अजून
पितळी वजनांचा वास आहे.

एकतीस वर्षं मी या शहराचे काटे तपासले.
सियागंजचे, मल्हारगंजचे,
सराफ्यातले, श्वासानेही हलणारे.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच पकडली,
वजनाच्या पोटातून कोरून घेतलेलं शिसं पकडलं.
घरी अच्युतच्या "नाही"चं वजन
तेवढं कधी घेता आलं नाही.
"तू जा," म्हणाला, पोह्यांवर शेव पेरत,
"मला माझं अंथरूण बरं.
गाडीच्या हौद्यात झोपायला मी काय लसूण आहे?"

मग एकटीच्या हिशोबाने वही घातली.
डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर किलो.
पुढचा लोखंडी बंपर: बावन्न.
त्यावर फसलेली गाडी ओढायचं चरखं, दोरासकट: सत्तावीस.
हवेची सोंड, पार टपापर्यंत,
नाला उतरताना इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून: चार.
टाकी, आणि तिच्यातलं पाणी वेगळं.
दुसरी बॅटरी. टपावरचं सोलर.
फळीचा पलंग, एका माणसाचा.

रमेश मेडा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"मॅडम, झांस्करला दुकानं नाहीत?"
तो दर होळीला टेम्पोच्या टपावर बसून
झाबुआकडे गावी जातो. टेम्पोत काही न बदलता.
त्याचं वाक्य मी वहीत घेतलं नाही,
दोन डबे मात्र खोडले.

कमानीचे पाटे मुस्तकीमने स्वतः बसवले.
होते सात, केले नऊ.
पहिल्याच दिवशी रिंग रोडवर गाडीने
माझे दात मोजले.
"खाली गाड़ी लात मारती है, मैडम,"
हात पुसत तो म्हणाला,
"वज़न पड़ने दो. नरम हो जाएगी."

निघायच्या आदल्या आठवड्यात
लसूडियाच्या धर्मकाट्यावर गाडी चढवली.
माझी वही: दोन हजार सहाशे चाळीस.
काट्याची चिठ्ठी: दोन हजार सहाशे ऐंशी.
अर्थात मी काट्यावरच संशय घेतला.
शिक्का कधीचा, विचारलं. ओणवी होऊन खड्ड्यात पाहिलं.
गाळ नाही, खडा अडकलेला नाही, शून्य स्वच्छ.
पुन्हा चढवली. तोंड फिरवून चढवली.
चाळीस किलो जागचे हलेनात.

मग कडेला घेऊन, भर उन्हात, सगळं उतरवलं.
पलंगाच्या फळीखाली, जॅकच्या मागे,
हवा खेळायला म्हणून मी जी पोकळी सोडली होती तिथे
पेटी. जुन्या धोतराच्या फडक्यात, भाता सुतळीने बांधलेला.
शेवेचा पत्र्याचा डबा, झाकणाभोवती मेणबत्तीचं मेण.
लोकरीचे मोजे, किमतीच्या चिठ्ठीसकट.
गुडघ्याचं तेल.
घडीच्या खुर्च्या, दोन.
आणि सगळ्यांच्या तळाशी, आवळून आवळून
उशीएवढं केलेलं
ते, "बरं" असलेलं, अंथरूण.

काटेवाला लांबून ओरडला, "काय निघालं, भिया?"
त्याच्याकडे सगळेच भिया.
मी खुर्ची उघडून बसून पाहिली.
जरा कुरकुरते. मग बसू देते.

फोन केला नाही.
सामान होतं तसंच्या तसं लावलं,
सुतळीची गाठसुद्धा त्याच्याच हाताची वाटावी अशी,
आणि परत देवास नाका.
"फळी रुंद करायची," मुस्तकीमला सांगितलं,
"आणि मागे एक पाटा अजून."
"और कितना वज़न?"
"अडुसष्ट," म्हटलं.
"आकडा दिवाळीआधीचा आहे.
दोन-तीन इकडे तिकडे धर."