तपकिरी

मेणाच्या ठोकळ्यात बसलेला तुकडा
माझ्या नखाएवढाही नाही.
ठोकळ्यावर नाव नसतं, आकडा असतो : चारशे बारा.
पण सोबतच्या फॉर्मवर कुणीतरी लिहून ठेवलंय,
वय चोपन्न, धंदा मासळीचा लिलाव, हर्णै,
आणि नाव न वाचताच मला कळतं.

हसुराम पावसे.
संध्याकाळी होड्या लागल्या,
बैलगाड्या गुडघाभर पाण्यात उतरल्या
की त्याचा आवाज सुरू व्हायचा :
"अडीच हजार, अडीच हजार, सव्वीसशे बोला वैनी!"
आई माझा हात धरून बाजूला उभी,
लिलाव संपेपर्यंत.
उरल्यासुरल्या ढोमीसाठी.

गेल्या शिमग्यापासून तो बोलतो
तोंडात गरम भात धरल्यासारखा.
जबड्याखाली सुपारीएवढी गाठ.
बंदरानं निदान केव्हाच करून टाकलं : तंबाखू.
द्वारका, त्याची बायको, शपथेवर सांगत फिरली,
विडीचा वास आला तरी उठून जाणारा माणूस हा.
डॉक्टरांनीही लिहिलंय, व्यसन नाही.
पुढे प्रश्नचिन्ह.

मी चार मायक्रॉनचे काप काढते,
खवल्याहून पातळ.
कोमट पाण्यावर सोडायचे, काचेवर उचलायचे,
भट्टीत सुकवायचे, मेण उतरवायचं,
मग पी-सिक्स्टीनचा थेंब.
मग थांबायचं. या कामात थांबणंच जास्त.

थांबता थांबता नव्या मुलीला, मेहरुन्निसाला, सांगते :
"पेशीला वाढ रोखायची असते तेव्हा
ती नांगर टाकते. पी-सिक्स्टीन म्हणजे तो नांगर.
विषाणू नांगराला हातच लावत नाही.
तो दोर कापतो.
पेशी बिचारी नांगर टाकतच राहते,
एकावर एक,
आणि होडी वाहतच जाते.
आपण रंगवतो ते तळाशी साचलेले नांगर."

"पण घशात आलाच कसा तो?"

"माणूस माणसाजवळ जातो, तसा.
वीस वर्षांपूर्वीही आला असेल.
काचेवर तारीख उमटत नाही गं."

साडेचारला काच भिंगाखाली घेतली.
सगळं वर्तुळ तपकिरी,
केंद्रकात आणि भोवतीही,
आजोबा ऐनाच्या सालीत जाळं उकळायचे
तेव्हा भांड्यात दिसायचा तो रंग.
शंभरातल्या नव्वद पेशी.
मॅडमनी सही केली : पॉझिटिव्ह.

तो एकच शब्द वाचून
द्वारका खिडकीखालच्या बाकावर बसली.
पॉझिटिव्ह निघालेल्या एकाचं काय झालं होतं
ते तिच्या आळीनं पाहिलंय.
मी बाहेर गेले, नियम मोडून.
म्हटलं, "हा तो आजार नाही. आणि गाठ आहेच,
तर त्यातल्या त्यात ही बरी.
किरणांचं ऐकते ही. बहुतेकदा."
'बहुतेकदा' मी हळू म्हणाले.

ती कितीतरी वेळ कागदाकडे बघत होती.
"कुठून आला, ते यात लिवलंय?"
"नाही."
"मग नका लिवू."
कागदाची चौघडी केली,
कमरेच्या बटव्यात, मासळीच्या नोटांमध्ये
सारून उठली. एसटी चुकत होती.

पस्तीस दिवसांचे किरण झाले, कोल्हापूरला.
चारशे बारा आता कपाटात,
चारशे अकरा आणि चारशे तेराच्या मध्ये.

परवा हर्णैला गेले होते.
लिलाव द्वारका पुकारते. आवाज चिरका, पण पोचतो.
तो उपड्या क्रेटवर बसलेला, हाताशी पाण्याची बाटली,
बोटं वर करून भाव ठरवतो :
तीन म्हणजे तीन हजार, मूठ म्हणजे सोडा.
दर दोन टोपल्यांमागे एक घोट.

माझ्याकडे बघून त्यानं दोन बोटं केली.
मी कोण, त्याला कुठे माहीत.
त्याचा घसा मी आतून पाहिलाय.
मी मान हलवली, परवडत नव्हतं तरी,
आणि त्यानं कोरड्या, फाटक्या आवाजात विचारलं,
"बर्फ आणलाय का पोरी, का तशीच नेतेस?"