गाळलेलं वाक्य

बैलहोंगलचे पाळक कानडीत बोलत होते,
मी शेजारी उभी राहून मराठीत.
खानापूरच्या आमच्या उपासनेत असंच चालतं :
एक वाक्य त्यांचं, एक माझं,
मधे पंख्याची खरखर.

ते म्हणाले, कद्द हण.
चोरलेला पैसा, आणि तो पोटाशी झाकणारी आई.
पुढच्याच बाकावर मार्थाकाकू.
कौलांच्या कारखान्यातली पगाराची पाकिटं
तिच्या इम्मानुएलनं...
पेठेत सगळ्यांना ठाऊक.

माझ्या तोंडून आलं,
देव आपल्याला सांभाळतो.

पाळक क्षणभर थबकले.
थोडं मराठी त्यांनाही येतं.

बाहेर चपला शोधताना
काकूनं मनगट धरलं,
भट्टीनं सोललेला हात.
"मला कानडी येतंय की गं.
माहेर गोकाकचं माझं."

मी खाली बघत राहिले.

"त्यांनी सांगितलं, ते परक्यानं सांगितलं.
तू गाळलंस, मायेनं, ते बी कळलं.
पण वाक्य अर्धंच राहिलं नव्हं, बाई?"

अंगण रिकामं होईपर्यंत ती गप्प होती.
मग पायरीवर बसली,
पदरानं शेजारची धूळ झाडली
माझ्यासाठी.

"आता सांग. मराठीत.
सावकाश."