आउसश्लागेन

आमच्या भाषेत हे एकच क्रियापद आहे.
मे महिन्यात लिंडनची झाडं करतात ते,
बुजलेला घोडा मागच्या पायांनी करतो ते,
आणि तोर्गाऊच्या कोर्टात, बारा नंबरच्या खोलीत
माझ्यासमोर बसून माणसं करतात तेही:
मेलेल्याचं जे काही मागे उरलं
त्यावर पाणी सोडणं.

नुसतं नको म्हणून भागत नाही.
"मला काय करायचंय ते घर," असं
बहिणीला फोनवर म्हटलेलं
कायद्याला ऐकू येत नाही.
सहा आठवड्यांच्या आत यावं लागतं,
ओळखपत्र घेऊन. मी वाक्य वाचते, खाली सही.
तीस युरो. पावती मिळते.

थोराल्फ मेनर्ट एकेचाळिसाव्या दिवशी आला.
कोटाच्या बाहीवर तांबूस केस, माणसाचे नव्हेत.
बापाचे शर्यतीचे तीन घोडे, चाऱ्याची उधारी,
बँकेची पत्रं तर न फोडताच आणलेली.
"घंटीचा एक पट्टा आहे, तेवढा ठेवू?"
नाही म्हटलं. हे क्रियापद अर्धंमुर्धं चालत नाही,
पट्टा घेतलात की कर्जही घेतलंत.
तो हसला, तेव्हा कपाळावरची जुनी खूण
भुवईत दुमडली.
"नऊ वर्षांचा होतो," मी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.
"त्यांनी आधी घोडीला शांत केलं, मग मला उचललं.
घाबरली होती ना ती."

खिडकीबाहेरच्या लिंडनची मुंडकी
नगरपालिकेने मार्चमध्ये छाटली होती.
आता त्या गाठींवर हिरवं काहीतरी. मी बघितलं, त्याने नाही.

सही झाली. मग मी तो भाग सांगितला
जो सांगताना माझी नजर कागदावरच असते:
तुम्ही नाकारलेलं हवेत राहत नाही,
एक पायरी खाली उतरतं.
मूल आहे?
योरिंडे. पाच वर्षांची.
मग तिच्या वतीनेही नाकारा. आईचीही सही लागेल.
टोपण लावलेलं पेन त्याने पुन्हा उघडलं.

आईला बोलवायला मी दार उघडलं.
बाकावर ती पोरगी, पाय जमिनीला न पोचणारे,
जीभ टाळूला लावून
टक्-टक्, टक्-टक्,
दुडक्या चालीतून मधेच भरधाव,
मग लगाम खेचल्यासारखी सावकाश.
कुणी शिकवलं गं?
तिने उत्तर दिलं नाही. घोडा वळणावर होता.

शिक्का शाईत बुडवून मी हातातच धरला.
म्हटलं, ही फेरी होऊ दे.