मंगळवार

अक्राच्या या किनाऱ्यावर मंगळवारी
कोणी होडी लोटत नाही.
मंगळवार समुद्राचा. तो आपला पडून राहतो,
आणि पुरुष वाळूत बसून जाळी शिवतात.
माझ्या आज्याला त्याच्या आज्याने सांगितलं होतं.

तेव्हा भोकं बुजवायची असत,
मुशीचा दात, खडकाची ओढ.
आता जाळ्यातून कपडे निघतात,
तेव्हापासून आम्हा बायकांनाही हाक येते:
सुऱ्या घेऊन या.

आधी एक बाही. बाहीमागून अख्खा सदरा.
सदऱ्याला पीळ घालून बसलेली विजार,
तिच्या खिशात वाळू, वाळूत जिवंत खेकडा,
भाडं न देता राहणारा.

ओडोई म्हणतो, पूर्वी जाळं जड लागलं
की पोटात गुदगुल्या व्हायच्या.
आता शिवी येते तोंडात.
मासा हिसडे देतो, भांडतो तुमच्याशी.
कापड नुसतंच जड होत जातं
मेलेल्या माणसासारखं.

गाठोडी जहाजाने येतात, थंड देशांतून.
माझी थोरली देदेई बाजारात तीच विकते.
गाठोडं न उघडता घ्यायचं, पुढे नशीब.
बरं निघालं तर तेत्तेची फी सुटते;
उसवलेलं, डागाळलेलं, काखेत पिवळं पडलेलं
गटारात. गटार खाडीत.
खाडी कुठे जाते ते तिला ठाऊक आहे.
मी विचारत नाही.
महिनाअखेर ती पैसे देते, मी मोजून घेते.
धुरी द्यायला तारली उरलीय कुठे,
दोन पाट्या, त्याही अर्ध्या.

आज एका लहान कोटाच्या गळ्याशी
पांढरी पट्टी दिसली, हाताने टाचलेली,
लाल दोऱ्याने काढलेलं नाव.
तेत्तेने वाचलं: ओडिल.
मुलगी असेल, म्हणाला.
कुणी आई दिव्याखाली डोळे बारीक करून बसली असेल,
शाळेत हरवू नये म्हणून.

नाही हरवला गं बाई.
इथे आहे. ओला आहे. माझ्या मांडीवर
एखाद्या पोराएवढा जड.

पट्टी कापून ठेवावी म्हटलं,
पण सुरी बोथट झाली होती
आणि अजून अर्धं जाळं बाकी होतं.

समोर, स्वतःच्या सुटीच्या दिवशी,
समुद्र कामाला लागलेला,
एकेक बाही काठावर आणून टाकत,
मागे जाऊन पुढची आणत.